जुनी 'गोल्ड विंग' विकत घेताना
एका प्रवासी मोटारसायकलचा इतिहास आणि तिची पारख

वसंत ऋतू लागला, बर्फ वितळले, की अमेरिकेतल्या गावोगावच्या गराजांची दारे उघडतात आणि जुन्या मोटारसायकलींच्या जाहिराती झळकू लागतात. त्यातली एक जाहिरात थोड्याफार फरकाने दर वर्षी भेटते. '१९७८ ची होंडा गोल्ड विंग. एकच मालक. फक्त चौदा हजार मैल. कायम गराजमध्ये. शेवटची ठेवली तेव्हा उत्तम चालू होती.' किंमत एखाद्या बऱ्या सोफासेटाएवढी असते. फोटोत गाडी चकाकत असते. मुले कॉलेजात गेलेली, घराचे हप्ते संपत आलेले, आणि कॉलेजच्या दिवसांत जावा किंवा राजदूतवरून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत मारलेल्या फेऱ्या अजून आठवत असलेले आपल्यातले एखादे गृहस्थ ही जाहिरात दोनदा वाचतात आणि तिसऱ्यांदा फोन उचलतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. गोल्ड विंग ही लांबच्या प्रवासासाठी ख्याती मिळवलेली गाडी आहे आणि तिच्या पहिल्या पिढ्या आता पन्नाशीच्या आसपास पोचल्या आहेत. अशी गाडी पारखण्याच्या याद्या मेकॅनिकांकडे असतात. पण यादीतली प्रत्येक बाब तिथे का आली, हे कळायला गाडीचा इतिहास ठाऊक हवा. ती कोणी कशासाठी बनवली, मालकांनी तिचे पुढे काय केले, आणि नंतरची वर्षे ती कशी उभी राहिली, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला वाचता येतात, त्याला 'फक्त चौदा हजार मैल' हे शब्द भुलवत नाहीत. उलट ते वाचून तो थोडा सावध होतो.

होंडा अमेरिकेत येते

होंडा कंपनीने १९५९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पिको बुलेव्हार्डवर अमेरिकेतले पहिले दुकान थाटले. त्या काळी इथे मोटारसायकल म्हणजे हार्ली-डेव्हिडसन, ट्रायम्फ, बीएसए. चामडी जाकिटे घालणाऱ्या टोळ्या आणि मोटारसायकल यांची सांगड लोकांच्या मनात पक्की बसलेली होती. होंडाने तिथे मोठी गाडी घेऊन धडक मारली नाही. तिच्या छोट्या सुपर कबने कॉलेजची मुले, गृहिणी आणि दुकानदार असा नवाच गिऱ्हाईकवर्ग जमवला. १९६३ च्या सुप्रसिद्ध जाहिरात मोहिमेने होंडावर बसणारी माणसे सभ्य असतात, ही प्रतिमा रुजवली. परक्या देशात जम बसवताना आपण उपद्रवी नाही हे आधी पटवून द्यावे लागते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

मोठ्या गाड्यांचा नंबर नंतर लागला. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, सेल्फ स्टार्ट, आणि या सगळ्यासाठी सुमारे १,५०० डॉलर. ब्रिटिश कंपन्यांच्या तेल गळणाऱ्या जुळ्या सिलिंडरांच्या गाड्या एका रात्रीत म्हाताऱ्या दिसू लागल्या. पण होंडाचे हे वर्चस्व फार टिकले नाही. १९७२ च्या अखेरीस कावासाकीने ९०३ सीसीची झेड-१ आणली आणि 'सर्वांत मोठी, सर्वांत वेगवान' हा मान तिच्याकडे गेला.

राजांचा राजा

त्याच वर्षी, १९७२ मध्ये, होंडाच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण गाडी तयार झाली होती. प्रमुख होते शोइचिरो इरिमाजिरी, साठच्या दशकातल्या होंडाच्या पाच आणि सहा सिलिंडरांच्या शर्यतीच्या इंजिनांमागचे अभियंते. या प्रयोगाच्या गाडीत १,४७० सीसीचे, सहा आडव्या सिलिंडरांचे इंजिन होते. मोटारसायकलींमधला 'राजांचा राजा' बनवायचा, हे ध्येय समोर होते. हे इंजिन विक्रीसाठी फार लांब ठरले. पुढे तोशियो नोझुए यांच्या नेतृत्वाखाली सहाचे चार सिलिंडर झाले, १,४७० सीसीचे ९९९ सीसी झाले, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात 'जीएल १०००' ऊर्फ गोल्ड विंग जगासमोर आली. १९७५ मध्ये ती अमेरिकेच्या दुकानांत पोचली तेव्हा किंमत होती सुमारे २,९०० डॉलर.

तिची रचना इथे नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी पारख हिच्यावर उभी आहे.

चार सिलिंडर दोन-दोन करून डावी-उजवीकडे आडवे झोपवलेले, त्यामुळे वजन खाली. इंजिन पाण्याने थंड होणारे, म्हणजे मोटारीसारखा रेडिएटर आणि पाण्याचा पंप आला. व्हॉल्व्ह हलवणारे कॅमशाफ्ट साखळीऐवजी दोन दातेरी रबरी पट्ट्यांवर, म्हणजे टाइमिंग बेल्टवर. मागच्या चाकाला साखळी नाही, शाफ्ट. म्हणजे प्रवासात साखळीला तेल घालण्याची कटकट नाही. शाफ्टच्या दिशेने फिरणारे इंजिन अॅक्सिलरेटर पिळला की गाडीला एका बाजूला झुकवते. ते टाळण्यासाठी आल्टरनेटर इंजिनाच्या उलट्या दिशेने फिरणारा. पेट्रोलची टाकी सीटच्या खाली. वर जी टाकी दिसते ती नुसती पेटी. तिच्या आत विजेचे भाग, पेट्रोल भरण्याचे तोंड आणि पहिल्या गाड्यांत अडीअडचणीला लागणारी सुटी किकसुद्धा. इंजिनाच्या डोक्यावर चार कार्ब्युरेटर. तीन डिस्क ब्रेक. शक्ती ८० अश्वशक्ती. वजन, पेट्रोलवाचून, सुमारे २६५ किलो.

या यादीत एक गोष्ट मात्र नाही. वारा अडवणारी काच नाही, सामानाच्या पेट्या नाहीत. होंडाच्या मनातली गोल्ड विंग उघडी, वेगवान, महामार्गावर झेप घेणारी गाडी होती. अनेकांनी तिच्या वजनावरून 'लेड विंग', म्हणजे शिशाचा पंख, असे नाव ठेवले.

मालकांनी घडवलेली गाडी

इतिहासाने मात्र वेगळे वळण घेतले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय वेगमर्यादा आली. ती पूर्णपणे उठायला १९९५ साल उजाडले. अशा देशात झेप घेणारी गाडी घेऊन करायचे काय? ज्यांनी ती विकत घेतली त्यांना तिच्यात भलताच गुण सापडला. ती शांत होती, थरथरत नव्हती, आणि दिवसाला पाचशे मैल चालवली तरी तक्रार करत नव्हती.

मग मालकांनीच ती प्रवासाला सजवली. इलिनॉयमधल्या रँटूल गावी क्रेग व्हेटर यांच्या कारखान्यात 'विंडजॅमर' नावाचे फेअरिंग बनत असे. हँडलसमोर बसवायचे हे मोठे कवच वारा आणि पाऊस अंगावर येऊ देत नसे. हजारो गोल्ड विंगांवर ते चढले. त्यापाठोपाठ बाजूच्या पेट्या, मागचा ट्रंक, जाडजूड सीट, रेडिओ, सीबी रेडिओ, जादा दिवे आले. १९७७ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये गोल्ड विंग रोड रायडर्स असोसिएशन स्थापन झाली. गाडीच्या निमित्ताने जमणे, जेवणे, वार्षिक मेळावा भरवणे, नवख्याला मदत करणे, असा तिचा खाक्या होता. आपल्या मंडळांहून फार निराळा नव्हता.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. जीएल १००० चा आल्टरनेटर सुमारे ३०० वॅटचा होता आणि तो उघड्या गाडीच्या हिशेबाने दिलेला होता. मालकांनी दिवे, रेडिओ, विजेवर तापणारे कपडे असे एकेक जोडत नेले. गराजमध्ये बसून जोडलेल्या त्या तारा, वर्षानुवर्षांचे चिकटपट्टीचे वेटोळे, आज फेअरिंगच्या आत तुमची वाट बघत असतात. वजनही तसेच वाढले. मागे प्रवासी, पेट्या भरलेल्या, ट्रंक ओसंडणारा. हा सगळा भार स्प्रिंगांनी आणि ब्रेकांनी सोसला.

ओहायोची गोल्ड विंग

गिऱ्हाइकाने गाडीचे काय केले ते होंडाने नीट पाहिले. १९८० मध्ये १,०८५ सीसीची जीएल ११०० आली. हिच्यात हवेच्या दाबावर कमीजास्त करता येणारे सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन होते. शिवाय 'इंटरस्टेट' नावाच्या आवृत्तीत फेअरिंग आणि पेट्या कारखान्यातूनच लागून येऊ लागल्या. १९८२ मध्ये आणखी ऐषारामी 'अॅस्पनकेड' आली.

याच वेळी गाडीचा जन्मगाव बदलला. ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिलला होंडाचा मोटारसायकल कारखाना सप्टेंबर १९७९ मध्ये सुरू झाला होता. १९८० मध्ये तिथे गोल्ड विंग बनू लागली. शेजारीच नोव्हेंबर १९८२ मध्ये होंडा अकॉर्डचे उत्पादन सुरू झाले. आपल्यातल्या किती घरांची पहिली नवी मोटार अकॉर्ड होती, हे सांगायला नकोच! पण त्या कारखान्याची वाट मोटारसायकलींनी आधी तयार केली. 'राजांचा राजा' बनवणारे इरिमाजिरी १९८४ मध्ये होंडाच्या याच अमेरिकन उत्पादन कंपनीचे प्रमुख झाले, आणि १९८५ मध्ये जवळच्या अॅना गावातल्या कारखान्यात गोल्ड विंगची इंजिनेही तयार होऊ लागली.

१९८३ मध्ये हार्ली-डेव्हिडसनच्या विनंतीवरून रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवर ४५ टक्के जादा कर बसवला. आधीचा ४.४ टक्के धरून पहिल्या वर्षी तो ४९.४ टक्के झाला, पुढे दर वर्षी उतरत गेला. होंडाच्या जपानहून येणाऱ्या मोठ्या गाड्यांना त्याचा चटका बसला, परंतु ओहायोत जुळणाऱ्या गोल्ड विंगला आयात गाडी म्हणता येत नव्हते. परदेशी नाव, अमेरिकन जन्म, आणि गिऱ्हाईक म्हणजे पेन्सिल्व्हेनिया किंवा आयोवातले निवृत्त जोडपे. हार्लीवाल्यांनी तिला काहीही म्हणो, ती इथलीच झाली होती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९८४ ते १९८७ जीएल १२००, इंजिन १,१८२ सीसी. हिच्या व्हॉल्व्हची फट आपोआप जुळते. १९८८ मध्ये जीएल १५००. सोळा वर्षांपूर्वीचे सहा सिलिंडरांचे स्वप्न १,५२० सीसीच्या इंजिनात साकार झाले आणि अवजड गाडी मागे घेण्यासाठी सेल्फच्या मोटरवर चालणारा रिव्हर्सही आला. २००१ मध्ये १,८३२ सीसीची जीएल १८००. मेरिसव्हिलमधले मोटारसायकलींचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि गोल्ड विंग जपानमधल्या कुमामोतोला परत गेली.

कागद आधी, किल्ली नंतर

आता प्रत्यक्ष गाडीसमोर उभे राहू. पहिली गोष्ट कागदांची. राज्याचे टायटल विकणाऱ्याच्या नावावर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, अपघातात निकाली काढल्याचा शिक्का आहे का, हे बघावे. 'टायटल हरवले आहे, नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, मग ती फुकट का असेना.

चौकटीवरचा क्रमांक टायटलशी ताडून पाहावा. १९८१ पासूनच्या मॉडेलांवर सतरा अक्षरांचा क्रमांक असतो. त्याची सुरुवात 'जे एच २' अशी असेल तर गाडी जपानची, '१ एच एफ' असेल तर अमेरिकेची. दहावे अक्षर मॉडेलचे साल सांगते: 'बी' म्हणजे १९८१, 'सी' म्हणजे १९८२, याप्रमाणे पुढे, 'एच' म्हणजे १९८७. जीएल १००० वर छोटा क्रमांक असतो. चौकटीचा 'जीएल १' ने आणि इंजिनाचा 'जीएल १ ई' ने सुरू होतो. पुढचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; होंडाने ते जुळते ठेवलेच नव्हते, म्हणून तेवढ्यावरून संशय घेऊ नये.

मग दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. साठ हजार मैल झालेली, पण बेल्ट, ब्रेकचे तेल, टायर कधी बदलले याच्या पावत्या जपून ठेवलेली गाडी ही चौदा हजार मैलांच्या मुक्या गाडीपेक्षा चांगली. गोल्ड विंगचे इंजिन लाख मैल सहज चालते, तशा गाड्या कितीतरी आहेत. तिला चालण्याचा त्रास होत नाही, उभे राहण्याचा होतो.

उभे राहण्याचे आजार

टाइमिंग बेल्ट. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या झाकणांखाली हे दोन पट्टे असतात. रबर मैलांनी झिजते त्याहून वयाने कुजते. पट्टा तुटला किंवा दात घसरले, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि पुढच्या क्षणाला इंजिन निकामी होते. पट्टे स्वस्त असतात, बसवणेही फार अवघड नाही. ते कधी बदलले याचा पुरावा नसेल तर ते बदललेले नाहीत असेच धरावे आणि बदलेपर्यंत गाडी चालवू नये. विकणारा लगेच सुरू करून दाखवायला निघाला, तर त्याला थोडे थांबवून आधी हे विचारावे.

पेट्रोलची टाकी. वरच्या खोट्या टाकीचे झाकण उघडून खाली पेट्रोलच्या तोंडात टॉर्च मारून पाहावे. आत तपकिरी गंज आणि वार्निशसारखा वास असेल तर तो गंज पुढे पंपात आणि कार्ब्युरेटरांत गेला आहे असे समजावे. सीटखालची टाकी काढायला बराच खटाटोप लागतो, आणि बाहेरून ती दिसत नसल्यामुळे कित्येक मालकांना तिचा गंज माहीतच नसतो.

कार्ब्युरेटर. चार कार्ब्युरेटरांच्या आत सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. पेट्रोल भरून दोन हिवाळे उभ्या राहिलेल्या गाडीत ती बुजतात. लक्षण असे की चोक ओढल्याशिवाय इंजिन टिकत नाही, किंवा चारांपैकी तीनच सिलिंडर चालतात. सुरू केल्यावर मिनिटभराने चारही एक्झॉस्ट नळ्यांवर लांबूनच पाण्याचा थेंब टाकून पाहावा. जिथे तो चरचरत नाही तो सिलिंडर झोपलेला आहे. चारही कार्ब्युरेटर काढून, साफ करून, परत एकमेकांशी जुळवणे हे कुशल माणसाचे काम आहे आणि त्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

पाणी आणि तेल. रेडिएटरचे झाकण फक्त थंड असताना उघडावे. कूलंट स्वच्छ रंगाचे हवे, गंजट नको. इंजिनाच्या तेलावर दुधासारखा फेस असेल तर पाणी तेलात शिरते आहे. तेव्हा नमस्कार करून परत फिरावे. पाण्याच्या पंपाखाली ओघळाचा डागही शोधावा.

आल्टरनेटर. इतिहासाने दिलेला सर्वांत महाग धडा हा. जीएल १०००, ११०० आणि १२०० या तिन्हींत आल्टरनेटरचा स्टेटर इंजिनाच्या मागच्या झाकणात असतो आणि तो बदलायला आख्खे इंजिन चौकटीतून बाहेर काढावे लागते. वर सांगितलेल्या जादा दिव्यांनी आणि रेडिओंनी त्याला दमवलेले असते. १२०० मध्ये तर स्टेटरच्या तीन पिवळ्या तारांचा जोड वितळण्यासाठी प्रसिद्ध आहे. खिशात छोटा मल्टिमीटर ठेवावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत; इंजिन ३,००० फेऱ्यांवर धरल्यावर, हेडलाइट चालू असताना, १४ च्या आसपास. आकडा वर चढतच नसेल तर दोष स्टेटरचा, रेग्युलेटरचा की तारांचा हे ठरेपर्यंत सौदा करू नये. जीएल १५०० मध्ये होंडाने मोटारीसारखा बाहेरून काढता येणारा आल्टरनेटर दिला, त्यामुळे हे संकट टळले.

थंड इंजिनासमोर

विकणाऱ्याला आधीच फोनवर सांगावे की मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघावा. ते कोमट असेल तर थंडीत सुरू न होणे लपवायचे असावे, अशी शंका घ्यायला जागा आहे. बटण दाबल्यावर मोटर नुसती गरगरते पण इंजिन फिरत नाही, असे होत असेल तर सेल्फचा क्लच घसरतो आहे. तोही मागच्या झाकणाच्या आत असतो, म्हणजे पुन्हा इंजिन बाहेर. सुरू झाल्यावर थोडा निळसर धूर काही क्षण आला तर घाबरू नये. आडव्या सिलिंडरांत, विशेषतः साइडस्टँडवर उभ्या गाडीत, तेल झिरपते. तो मिनिटभरात थांबायला हवा. शक्य असेल तर मेकॅनिककडून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. चार आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे.

चालवून पाहताना

आधी गाडी चालू न करता दोन गोष्टी. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल डावी-उजवीकडे हळू फिरवावे. मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवावे; गंजाचे खड्डे असतील तर नवे सील दोन महिन्यांत फाटणार. टायरवरचे आकडे वाचावेत. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '१८०९' म्हणजे २००९ चा अठरावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी असे टायर फेकायचेच असतात, आणि ते किमतीतून वजा करून घ्यावेत.

ब्रेक दाबून सोडल्यावर चाक मोकळे फिरायला हवे. वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेकचे तेल पाणी शोषते, मग कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकतात. पहिल्या गोल्ड विंगचे पोलादी डिस्क पावसात तसेही उशिरा पकडतात. साडेतीनशे किलोंवर गेलेली भरलेली गाडी थांबवायची आहे, हे विसरू नये.

रस्त्यावर गिअर सगळे लागतात का, दुसऱ्यातून निसटत नाही ना, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का, ते बघावे. अॅक्सिलरेटर सोडून परत देताना मागून ठक असा आवाज येत असेल तर शाफ्टकडे संशय घ्यावा. शाफ्ट आणि मागचे चाक यांना जोडणारे दाते प्रत्येक टायर बदलताना खास मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसने माखायचे असतात. बहुतेक दुकाने ते विसरतात. चाक काढून बघता आले तर दाते चौकोनी हवेत. करवतीसारखे टोकदार झाले असतील तर त्यांचे आयुष्य संपत आले.

कोणते साल, कोणासाठी

ज्याला गाडीचा इतिहास जपायचा आहे आणि सुट्टीत हात काळे करायला आवडतात, त्याच्यासाठी १९७५ ते १९७७ ची जीएल १०००. तारांच्या आऱ्यांची चाके, पेटीतली किक, उघडे रूप. शक्यतो फेअरिंग न चढवलेली शोधावी, कारण मूळ भाग आता सहज मिळत नाहीत. ज्याला जुन्याचा बाज हवा पण प्लॅटिनम पॉइंट जुळवत बसायचे नाही, त्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशनची जीएल ११०० बघावी. जीएल १२०० घेणाऱ्याने पिवळ्या तारांचा जोड पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. आणि ज्याला खरोखर पत्नीला किंवा पतीला मागे बसवून ग्रँड कॅन्यन गाठायचे आहे, त्याला १९९० च्या दशकातली जीएल १५०० सर्वांत कमी छळेल. तिलाही टाइमिंग बेल्ट आहेतच, आणि वजन पेट्रोलवाचून साडेतीनशे किलोंच्या वर.

किंमत ठरवताना कागदावर हिशेब मांडावा: विकणाऱ्याची किंमत, अधिक बेल्ट, टायर, बॅटरी, ब्रेकची दुरुस्ती, कार्ब्युरेटरांची साफसफाई. ही बेरीज त्याच सालच्या, नियमित चालवलेल्या, पावत्यांसकट असलेल्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहावी. दहांतल्या आठ वेळा चालती गाडी स्वस्त पडते, मग तिच्यावर मैल तिप्पट का असेनात.

शेवटची पारख घेणाऱ्याची स्वतःची. तीस वर्षांपूर्वी स्कूटर चालवली होती हे इथल्या महामार्गावर पुरेसे नाही. राज्याचे मोटारसायकलचे लायसन्स काढावे, मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासक्रमासारखे प्रशिक्षण दोन दिवस घ्यावे, विम्याची चौकशी आधी करावी, आणि उत्तम हेल्मेट नवे घ्यावे. जुन्या गाडीबरोबर फुकट मिळणारे वापरू नये. मग रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी बंद ठेवून हाताने ढकलून, वळवून, स्टँडवर चढवून बघावी. तेवढे दमछाक न होता जमले, तर विकणाऱ्याशी भावाची बोलणी सुरू करायला हरकत नाही.